स्वस्तातली अभिजात पुस्तकं घेताना आधी काय बघाल?

स्वस्त म्हणजे वाईट, हे आधी मनातून काढून टाका. जुन्या अभिजात पुस्तकांचे हक्क संपलेले असतात, म्हणून उत्तम आवृत्तीही कमी किमतीत निघू शकते. पण तोच मजकूर कुणीही छापू शकतो, निष्काळजीपणेसुद्धा.

मुखपृष्ठावर भाळू नका. शीर्षकाच्या मागचं पान वाचा. मजकूर कुठल्या आवृत्तीवरून घेतला ते तिथे लिहिलेलं असावं. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीचा १८१८चा पाठ वेगळा आणि लेखिकेनेच बदललेला १८३१चा वेगळा, आपण कुठला वाचतोय हे कळायला नको का? अनुवाद असेल आणि अनुवादकाचं नावच नसेल, तर पुस्तक सरळ परत ठेवा. इथे तडजोड नको. ‘संक्षिप्त’ हा शब्द बारीक अक्षरांत कुठे दडलाय का, तेही बघा.

मग मधलंच एखादं पान उघडा:

- शिवणीकडचे शब्द पुस्तक न ताणता वाचता येतात का?
- मागच्या पानाची अक्षरं आरपार दिसतात का?
- जुनं पुस्तक स्कॅन करून संगणकाने अक्षरं ओळखताना झालेल्या चुका आहेत का? इंग्रजीत ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून ‘एम’ होतो, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबरीत ‘मॉडर्न’च्या जागी चक्क ‘मोडेम’ येतो! पानभरात अशा दोन चुका दिसल्या तर पुढे आणखी असणारच.

कागद पिवळसर आहे म्हणून नाक मुरडू नका, वाचायला तो बरा असतो. बांधणीचे प्रकार, कागदाचं वजन वगैरे सध्या राहू द्या. आणि एकदम अख्खा संच घेऊ नका. एक पुस्तक पूर्ण वाचा, मगच त्या मालिकेतलं दुसरं घ्या.