चाकाला ॲसिड मारण्याआधी

प्रश्न : ताई, माझ्याकडे दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे. पुढची चाकं आज धुतली की परवा काळी. आता तर स्पोकच्या कडांना तपकिरी ठिपकेही पडलेत. शाम्पूने जात नाहीत, बोट फिरवलं तर खरखरीत लागतात. गाडी धुणारा म्हणतो, ॲसिड मारू, दोन मिनिटांत चकाचक. मारू द्यावं का? चाकाचा दर्शनी भाग चांदीसारखा, बारीक गोल रेषांचा आहे. खाचांत काळा रंग आहे.

उत्तर : मारू देऊ नका. एव्हाना मारलं असेल तर हा अंक बाजूला ठेवा आणि आधी चाकावर भरपूर पाणी ओता.

त्या बारीक गोल रेषा सांगितल्यात हे बरं केलंत. ही डायमंड कट चाकं. अलॉय रंगवून झालं की त्याचा दर्शनी भाग लेथवर घेतात, वरचा रंग आणि धातूचा पातळ थर कातून काढतात आणि उघड्या पडलेल्या ॲल्युमिनियमवर पारदर्शक लॅकर मारतात. दिसायला झकास, पण धातूला आधार तेवढ्या लॅकरचाच. खडा उडून टवका गेला किंवा रिम कठड्याला घासली की तिथून पाणी आत शिरतं आणि लॅकरखाली अळी सरपटत गेल्यासारख्या पांढुरक्या रेषा पसरतात. ॲसिडला तर तेवढीही फट पुरते. मग चाक पुन्हा लेथवर चढवावं लागतं, आणि दर खेपेला धातू कमी होत असल्याने हे कितीही वेळा करता येत नाही. ‘दोन मिनिटांत’ म्हणणारा माणूस हे सांगत नाही.

आता ठिपके. ॲल्युमिनियमला तपकिरी गंज चढत नाही, म्हणजे गंजतंय ते तुमचं चाक नव्हे. ब्रेक दाबला की पॅड आणि बिडाची डिस्क एकमेकांवर झिजतात. उडणाऱ्या भुकटीत लोखंडाचे तापलेले कण असतात, ते लॅकरमध्ये रुततात आणि ओल लागली की जागच्या जागी गंजतात. ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे येतो, पुढच्या ब्रेकना जास्त राबावं लागतं, म्हणून पुढची चाकं जास्त काळी. त्यात बिघाड काही नाही. मात्र एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार काळं होत असेल तर कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, अडकतोय का, ते तपासून घ्या.

यावर उपाय आयर्न रिमूव्हर. बाटलीवर ‘पीएच न्यूट्रल’ (म्हणजे आम्लही नाही, अल्कलीही नाही) लिहिलेलं आणि लॅकर लावलेल्या चाकांना चालणारं घ्या. गाडी सावलीत हवी आणि चाक गार हवं; रिमला तळहात लावून बघा, कोमट लागली तरी थांबा. डिस्कला मात्र हात लावू नका, ती रिमपेक्षा कितीतरी जास्त तापते. आधी साध्या पाण्याने सुटी माती काढा, मग फवारा. थोड्या वेळात ठिपक्यांच्या जागी जांभळे ओघळ सुटतात. रसायनाने लोखंड धरल्याची ती खूण. वास सडक्या अंड्यांचा येतो, त्याला इलाज नाही. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत काम करा. लेबलवरच्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका आणि वाळू तर अजिबात देऊ नका. मऊ ब्रश फिरवा, धुऊन टाका. दुसऱ्या फवाऱ्याला जांभळं काहीच सुटलं नाही आणि डाग मात्र तसाच आहे, तर ते लोखंड नाही. काळा चिकट डाग असेल तर डांबर, त्याला टार रिमूव्हर लागतो.

रिमच्या आतल्या बाजूला लांब ब्रश घालताना बॅलन्सिंगची वजनं जपा. डिंकाच्या टेपने चिकटवलेल्या चपट्या पट्ट्या असतात त्या. ब्रश त्यांच्या कडेखाली घुसवायचा नाही, प्रेशर वॉशरची धार जवळून मारायची नाही. आत कुठे टेपचा चौकोनी ठसा उरलाय आणि पट्टी गायब आहे असं दिसलं तर बॅलन्सिंग करून घ्या, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरेल. लांब ब्रशच्या आतल्या तारेचं टोक उघडं पडलं असेल तर तो ब्रश फेकून द्या.

चाकांची बादली आणि मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) वेगळे ठेवा. आमच्या वर्कशॉपात त्या बादलीला लाल पट्टी आहे, आणि नवीन पोरगं आलं की मी पहिल्यांदा तीच दाखवते. तीच लोखंडी भुकटी बॉनेटवर गेली तर ओरखडे पॉलिश करत बसावं लागतं.

शेवटी चाकं पुसा आणि गाडी थोडी फिरवून हलके ब्रेक मारा, म्हणजे डिस्क कोरड्या होतील. रात्रीत डिस्कवर नारिंगी पापुद्रा आला तर घाबरू नका, चार ब्रेकमध्ये जातो. ओल्या डिस्कवर हँडब्रेक ओढून गाडी महिनाभर उभी करू नका, पॅड चिकटतात.

प्रश्न : टायरची बाजू तपकिरी पडते. चकाकीचं लिक्विड लावलं तर तेच बॉडीवर उडतं.

उत्तर : रबराला तडे जाऊ नयेत म्हणून त्यात मिसळलेलं द्रव्य हळूहळू वर येतं, तोच तो तपकिरी रंग. टायर क्लीनर आणि ब्रशने निघतो. लिक्विड आधी स्पंजवर घ्या, पातळ लावा, जास्तीचं फडक्याने टिपा. ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, थेंबही नको, पकड जाते. खाली बसलाच आहात तर टायरच्या बाजूवर, म्हणजे साइडवॉलवर, DOT ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा : 3518 म्हणजे 2018चा 35वा आठवडा. कमी फिरणाऱ्या गाडीचं ट्रेड नव्यासारखं दिसतं, रबर मात्र म्हातारं झालेलं असतं.

प्रश्न : चाकं काढून धुतली तर? माझ्या गाडीत मधोमध एकच मोठा नट आहे.

उत्तर : घरी काढू नका. पोर्शे 911 जीटी3सारख्या गाडीत तो नट साधारण 600 न्यूटन-मीटरने आवळावा लागतो. नेहमीचा टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळायचा पाना) तिथवर पोचत नाही. एरवी लांब दांड्याच्या मऊ ब्रशने भागवा. टायर बदलताना चाकं उतरतीलच, तेव्हा वर्कशॉपातच आतून धुऊन, वाळवून कोटिंग लावून घ्या.