रिमोट ठीक आहे, मीटरला कुलूप आहे

पंपहाऊसच्या हायड्रोरेंजर २०० वर, म्हणजे पाण्याची पातळी मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक मीटरवर, हँड प्रोग्रामरने (त्याच्या रिमोटने) पॅरामीटर, म्हणजे पी००० सारख्या क्रमांकांच्या सेटिंग, उघडतात, आकडे दिसतात, पण बदलत नाहीत. नवा प्रोग्रामर मागवू की मोबाइलच्या आयआरवर (इन्फ्रारेडवर) भागेल, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नको. स्क्रीनवर पी००६ आला, म्हणजे किरण पोहोचला आणि मीटरने तो वाचलाही. सेल गेला असता तर काहीच उमटलं नसतं. तुमच्याकडे लॉक लागलेलं दिसतंय.

पी००० वर जा, १९५४ टाका, एंटर दाबा. तिथे १९५४ सोडून दुसरा कुठलाही आकडा असेल तर बदल बंद राहतात. हा आकडा चालला नाही तर पी०६९ बघा, पासवर्ड तिथे साठवलेला असतो. आधीच्या माणसाने तो बदलला असेल.

पण थांबा, त्याआधी एक काम. प्रोग्राम मोडमध्ये गेलात की पंपांना जोडलेले रिले (पंप चालू-बंद करणारे स्विच) बंद पडतात. टाकी भरत असताना किंवा सम्पमधली (खालच्या साठवण खड्ड्यातली) पातळी वाढत असताना हे महागात पडतं. म्हणून आधी ऑपरेटरला सांगा, पंप मॅन्युअलवर घ्या, मगच प्रोग्रामर हातात धरा. आणि जुने आकडे वहीत लिहून घ्या, निदान पी००१ ते पी००७ तरी. पी००६ म्हणजे सेन्सरच्या तोंडापासून शून्य पातळीपर्यंतचं अंतर, पी००७ म्हणजे तिथून वरचा स्पॅन, मोजायचा पल्ला. टाकीची उंची समजून पी००६ भरणारे मी बरेच पाहिलेत. सेन्सर झाकणाच्या वर स्टँडवर असेल तर तेवढी चूक सगळ्या रीडिंगमध्ये शिरते. पी९९९ ला हात लावू नका, तो मास्टर रिसेट आहे.

मोबाइलच्या आयआरमध्ये टीव्ही आणि एसीचे कोड असतात. या मीटरचा कोड त्यात नसताना नुसतं एलईडी असून उपयोग नाही. मात्र मोबाइलचा कॅमेरा कामाला येतो: प्रोग्रामरचं तोंड कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, दिवा जांभळट चमकला तर प्रोग्रामर जिवंत आहे. मागच्या कॅमेऱ्यात दिसलं नाही तर पुढच्याने बघा, बऱ्याच फोनमध्ये मागच्याला आयआर फिल्टर असतो.

चमकतो तरी मीटर हलत नसेल, तर आधी मीटरची, किरण आत घेणारी खिडकी ओल्या फडक्याने पुसा. उन्हाची तिरीप पॅनेलवर येत असेल तर हाताने सावली धरा. एका पॅनेलवर शेजारी-शेजारी दोन मीटर असतील तर नको असलेल्याच्या खिडकीवर पुठ्ठा लावा. आमच्या एका साइटवर मी एकाचा स्पॅन बदलला आणि शेजारच्यानेही तो घेतला. मला कळलं दुसऱ्या दिवशी, ओव्हरफ्लोचा फोन आल्यावर. तेव्हापासून पुठ्ठ्याचा तुकडा माझ्या बॅगेत कायम असतो.

लॉक निघालं की नाही ते इथे कळवा. काम झाल्यावर पी००० मध्ये दुसरा आकडा टाकून ते परत लावा.