एरर नाही, फाइलही नाही

प्रश्न : मी कळव्याला राहते, नवी मुंबईत कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जावाच्या क्लासवर अ‍ॅनोटेशन (@ लावून केलेली खूण) लावलं की त्याचा बिल्डर क्लास (ऑब्जेक्ट घडवून देणारा सोबतचा क्लास) आपोआप तयार व्हावा, असा प्रोसेसर लिहितेय. घरी जेडीके (कंपायलरसकट जावाचा संच) १७ वर चालतो. लॅबमध्ये जेडीके २३ आहे, तिथे एररही येत नाही आणि फाइलही तयार होत नाही. सहा आठवडे गेले. मैत्रिणींची वेब अ‍ॅप्स झालीसुद्धा. मला हे जमत नाही बहुतेक. प्रोजेक्टचा विषय बदलू का? यात नोकऱ्या आहेत का?

उत्तर : विषय बदलू नकोस. ‘जमत नाही’ म्हणतेस, पण दोन्हीकडचे जेडीके वेगळे आहेत हे तूच टिपलंयस. घोडं तिथेच अडलंय. क्लासपाथवर, म्हणजे कंपायलर फाइल्स शोधतो त्या जागांवर, प्रोसेसर सापडला की जावाचा कंपायलर पूर्वी तो आपणहून चालवायचा. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या जेडीके २३ पासून तसं होत नाही, त्याला स्पष्ट सांगावं लागतं. ‘प्रॉक’ हा कंपायलरचा पर्याय ‘फुल’ ठेवून (-proc:full) बघ.

तरीही गप्पच राहिला, तर ‘प्रिंट राउंड्स’ (-XprintRounds, प्रोसेसिंगची प्रत्येक फेरी छापणारा पर्याय) लावून कंपाइल कर. फेऱ्या छापल्याच नाहीत, तर प्रोसेसर चाललेलाच नाही. मग आतलं कोड उकरत बसू नकोस. फेऱ्या दिसल्या आणि फाइल नाही, तर अ‍ॅनोटेशनचं पॅकेजसकट पूर्ण नाव अक्षर-अक्षर ताडून बघ. समुपदेशनात येण्याआधी मी बरीच वर्षं कोड लिहिला. एकदा प्रोसेसरची नोंद ठेवतात त्या फोल्डरचं नाव ‘सर्व्हिसेस’ऐवजी ‘सर्व्हिस’ पडलं होतं. चार दिवस गेले, रडू यायचं बाकी होतं. म्हणून तुझे सहा आठवडे मला कळतात.

नोकरीचं खरं सांगते. निव्वळ कंपायलरवर काम करणाऱ्या जागा मोजक्या, त्याही बंगळुरूकडे जास्त. पण डॅगर, मॅपस्ट्रक्ट, अँड्रॉइडची रूम लायब्ररी ही सगळी अ‍ॅनोटेशन वाचूनच कोड बनवतात. ती वापरणारे पुष्कळ, बिघडल्यावर आत शिरणारे थोडे. पुढे शिकायचं असेल तर कंपायलर गेटच्या अभ्यासक्रमात आहेच.

आजपासून एक वही कर : काय वाटलं, काय तपासलं, काय निघालं. मी मुलाखती घ्यायचे तेव्हा उमेदवाराला हेच विचारायचे, आणि तयार अ‍ॅप दाखवणारी बरीच मुलं तिथे अडखळायची.

सोमवारी लॅबमध्ये ‘प्रिंट राउंड्स’ लाव आणि पहिल्या फेरीत काय छापलं ते मला कळव.