वेगाचे श्रेय गुप्ततेला नव्हे

ऐरोलीच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याने विचारले आहे की, लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीच्या ‘स्कंक वर्क्स’ या गुप्त विभागाने लष्करी विमाने इतक्या थोड्या काळात तयार केली ती गुप्ततेमुळेच का, आणि कागदपत्रांचा जाच काढून टाकला तर त्याच्या सहा जणांच्या गटालाही वर्षभरात छोटे मानवरहित विमान करता येईल का. वागळे इस्टेटमधील टूलरूम आणि नंतर रबाळ्याचे फॅब्रिकेशन शॉप मिळून माझी ३१ वर्षे गेली. विमानांशी माझा संबंध अभ्यासापुरता आहे. परंतु ड्रॉइंग आणि तयार वस्तू यांच्यामध्ये काय काय बिघडू शकते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

गुप्तता होती, यात शंका नाही. तरीही वेगाचे श्रेय मी तिला देत नाही. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातील बरबँक येथे क्लॅरेन्स ‘केली’ जॉन्सन यांनी निवडक माणसे घेऊन एक्सपी-८० हे जेट विमान १४३ दिवसांत उभे केले, तेव्हा आरेखन करणारे आणि जोडणी करणारे एकमेकांच्या शेजारी काम करत होते आणि निर्णयाचा अधिकार जॉन्सन यांच्या हाती होता. यू-२ या टेहळणी विमानाला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नोव्हेंबर १९५४ मध्ये मंजुरी दिली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ते उडाले. जॉन्सन यांच्या १४ नियमांत माणसे कमी, ड्रॉइंगची पद्धत सोपी आणि अहवाल मोजके असावेत असे आहे. मात्र महत्त्वाच्या कामाची नोंद काटेकोर ठेवावी, हेही तिथेच सांगितले आहे. हा उत्तरार्ध बहुतेक जण सोडून देतात.

अशा नोंदींचे मोल ए-१२ या टेहळणी विमानाच्या वेळी कळले. ध्वनीच्या तिप्पट वेगाने उडणाऱ्या या विमानाचा बहुतांश सांगाडा टायटेनियमचा होता, आणि त्या धातूचा काही भाग, ज्या देशावर टेहळणी करायची त्या सोव्हिएत संघाकडूनच मध्यस्थांमार्फत मिळवावा लागला होता. काम सुरू झाल्यावर असे दिसले की उन्हाळ्यात स्पॉट वेल्डिंग केलेले पत्रे लवकर निकामी होतात, तर हिवाळ्यात केलेले टिकतात. धातू, यंत्र आणि कारागीर बदललेले नव्हते. पत्रा कोणत्या बॅचचा आणि काम केव्हा झाले याच्या नोंदी असल्यामुळे शोध पाण्यापर्यंत पोहोचला: शेवाळ होऊ नये म्हणून बरबँकच्या नळाच्या पाण्यात उन्हाळ्यात क्लोरीन अधिक घातले जाई, आणि पत्रे त्याच पाण्याने धुतले जात. ऊर्ध्वपातित पाणी वापरताच दोष थांबला. कॅडमियम या धातूचा मुलामा असलेल्या पान्यांमुळे (स्पॅनरमुळे) बोल्ट तापल्यावर कमकुवत होतात, हेही असेच उघडकीस आले आणि ते पाने शॉपमधून काढून टाकण्यात आले.

ही हकिगत मला आजही अस्वस्थ करते, कारण आमच्याकडे एकदा याच्या उलट घडले होते. स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांची दाबचाचणी आम्ही टँकरच्या पाण्याने करत असू आणि पाणी काढल्यावर त्या नीट कोरड्या करत नसू. काही महिन्यांनी वेल्डच्या कडेला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडलेल्या टाक्या ग्राहकाकडून परत आल्या. कोणती टाकी कधी आणि कोणत्या पाण्याने तपासली, याची एकही नोंद नव्हती. पाण्यातील क्लोराइडपर्यंत पोहोचायला आम्हाला संपूर्ण पावसाळा लागला, आणि तोवर एका अत्यंत कुशल वेल्डरवर नाहक ठपका बसला होता.

रडारला चकवणाऱ्या विमानाची गोष्ट तर गुप्ततेच्या बाजूने मुळीच बोलत नाही. त्यामागचे गणित प्योत्र उफिम्त्सेव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये मॉस्कोत खुलेपणाने प्रसिद्ध केले होते; स्कंक वर्क्सच्या डेनिस ओव्हरहोल्सर यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर वाचून त्यावर संगणकाचा प्रोग्राम उभारला. तत्कालीन संगणकांना वक्र पृष्ठभागांचे गणित पेलत नसल्यामुळे १९७७ मध्ये उडालेले ‘हॅव ब्लू’ हे चाचणी विमान सपाट पैलूंचे झाले. त्याची दोन्ही नमुना विमाने कोसळली, तरी त्यांतून मिळालेल्या माहितीवर रडारला चकवणारे एफ-११७ हे लष्करी विमान उभे राहिले. ते १९८१ मध्ये उडाले, पण १९८८ पर्यंत जाहीर झाले नाही.

तुमच्या गटाला वर्ष पुरेल, असे मला वाटते. फक्त वर्कशॉपमधील एक जाणता माणूस पहिल्या ड्रॉइंगपासून सोबत घ्या, अंतिम निर्णय कोणाचा हे आधीच ठरवा, आणि एक जाड वही ठेवा. तिच्यात प्रत्येक पंखाचा फोम आणि रेझिन कोणत्या खेपेचे, मिश्रणाचे प्रमाण किती, ते कोणी व कोणत्या दिवशी चढवले आणि त्या दिवशी हवेत दमटपणा किती होता, हे लिहा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात रेझिन नीट धरत नाही, म्हणून पंखांचे काम मेअखेरपर्यंत संपवा.