‘अजून नंबर लागला नाही’ हे उत्तर पुरेसं नाही

प्रश्न (पत्र संक्षिप्त केलं आहे) : आम्ही चाळीस वर्षांपासून इंग्लंडमध्ये आहोत. फेब्रुवारीत यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. पार्किन्सन्स आणि स्मृतिभ्रंश आधीपासून होताच. ३ मार्चपासून ते नर्सिंग होममध्ये आहेत. आठवड्याला १,४५० पौंड आम्हीच भरतो. केअरचा खर्च एनएचएसनं (सरकारी आरोग्यसेवेनं) करावा यासाठीच्या पहिल्या चाळणीत, म्हणजे चेकलिस्टमध्ये, ते बसले, आणि आयसीबीचं (एनएचएसच्या स्थानिक मंडळाचं) ‘१२ मार्चला कागद मिळाले’ असं पत्रही आलं. पुढचं असेसमेंट मात्र दोनदा रद्द झालं : एकदा नर्स आजारी होती, एकदा सोशल वर्कर मिळाला नाही. फोन केला की ‘अजून नंबर लागला नाही’ एवढंच सांगतात. नव्वद हजारांची जॉइंट बचत होती, ती एकसष्टवर आली. मुलगा म्हणतो घर विकावं लागेल. नर्सिंग होमनं मला जामीनदार म्हणून सही करायचा कागद दिला आहे. पैसे परत मिळतील का? आणि तोवर मी काय करू?

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी घराचं सांगतो, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी भीती तीच आहे. तुम्ही त्या घरात राहता तोवर यजमानांच्या केअरच्या खर्चासाठी कौन्सिल (स्थानिक नगरपालिका) त्या घराची किंमत हिशेबात धरू शकत नाही. नवरा किंवा बायको घरात राहत असेल तर घर पूर्ण वगळायचं, असं २०१४ च्या नियमांतच आहे. त्यासाठी कुणाची मेहेरबानी लागत नाही. मुलाला हे आजच सांगा आणि इस्टेट एजंटला बोलावू नका.

आता उशिराकडे वळतो. तुम्ही ज्याची वाट पाहताय ते एनएचएस कंटिन्युइंग हेल्थकेअर, म्हणजे सीएचसी. माणसाची मूळ गरज आरोग्याची असेल तर त्याच्या केअरचा पूर्ण खर्च एनएचएसनं करायचा, मग त्याच्याकडे पैसे असोत वा नसोत. यामागे पामेला कॉफलन यांचा खटला आहे. १९७१ च्या अपघातानंतर त्या कायमच्या अपंग झाल्या. ‘हे तुमचं कायमचं घर’ असं सांगून त्यांना जिथे ठेवलं होतं, ते केंद्र पुढे आरोग्य प्राधिकरणानं बंद करायला काढलं. त्या कोर्टात गेल्या आणि १९९९ मध्ये अपील कोर्टात जिंकल्या. शुश्रूषेची गरज एका मर्यादेपलीकडे गेली की तो भार कौन्सिलवर किंवा कुटुंबावर ढकलता येत नाही, हे त्या निकालातून पक्कं झालं. ‘सरकारकडे हात पसरणं बरं दिसत नाही’ असं तुम्ही शेवटी लिहिलंय, ते मला लागलं. चाळीस वर्षं दोघांनी कर भरलात. इथे हात पसरण्याचा प्रश्नच येत नाही.

राष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे चेकलिस्ट मिळाल्यापासून साधारण २८ दिवसांत आयसीबीनं निर्णय द्यायला हवा. तुमच्याकडे १२ मार्चचं पत्र आहे. ते सांभाळा, त्याचे दोन फोटो काढून ठेवा. अठ्ठाविसावा दिवस ८ एप्रिलला संपला. सीएचसी मंजूर झालं तर एकोणतिसाव्या दिवसापासून, म्हणजे ९ एप्रिलपासून निर्णयाच्या तारखेपर्यंत तुम्ही केअरसाठी भरलेले पैसे आयसीबीनं परत करावेत, असं परताव्याचे नियम सांगतात. आज १३ ऑगस्ट. ९ एप्रिलपासून बरोबर अठरा आठवडे झाले. अठरा गुणिले १,४५० म्हणजे २६,१०० पौंड. हा आकडा डायरीत लिहा आणि दर आठवड्याला पुढे वाढवत जा.

यात एक अपवाद आहे, आणि आयसीबी त्याचाच आधार घेईल. उशीर त्यांच्या आवाक्याबाहेरच्या कारणानं झाला असेल, म्हणजे दुसऱ्या संस्थेकडून आवश्यक कागद आले नाहीत, किंवा ज्याची हजेरी गरजेची होती असा बाहेरचा तज्ज्ञ मिळाला नाही, तर तेवढ्या काळाचा परतावा ते नाकारू शकतात. तुमच्याकडे रद्द होण्याची दोन कारणं आहेत. नर्स आजारी पडली हा त्यांचा अंतर्गत प्रश्न. बदली माणूस देणं त्यांचंच काम. सोशल वर्कर मिळाला नाही हे कारण मात्र ते पुढे करतील. इथे एक बारीक मुद्दा कामाला येतो. असेसमेंटसाठी लागणारी टीम दोन वेगवेगळ्या आरोग्य-व्यवसायांतल्या माणसांचीही चालते. एक आरोग्याचा आणि एक सोशल केअरचा अशीही चालते. कौन्सिलचं मत शक्य तितकं घ्यायला हवं, पण कौन्सिलचा माणूस खोलीत नाही म्हणून सगळं महिनोन्‌महिने थांबवायलाच हवं असं कायदा म्हणत नाही.

म्हणून फोन बंद करा आणि ईमेल करा. फोनचा पुरावा राहत नाही, आणि दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगून तुम्ही थकता ते वेगळंच. ईमेल लांब नको. ‘तुम्हाला १२ मार्चला चेकलिस्ट मिळाली. २८ दिवसांची मुदत ८ एप्रिलला संपली. माझ्याकडून कोणताही उशीर झालेला नाही. सोशल वर्कर नसताना दुसऱ्या आरोग्य-व्यावसायिकाला का घेतलं नाही, ते लेखी कळवा. पुढच्या १४ दिवसांत असेसमेंटची पक्की तारीख द्या. ९ एप्रिलपासूनच्या परताव्याचा माझा हक्क मी राखून ठेवते आहे.’ एवढं इंग्रजीत मुलाकडून नीट लिहून घ्या आणि वर ‘औपचारिक तक्रार’ असा शब्द टाका. तो शब्द असला की तीन कामकाजाच्या दिवसांत पोच देणं त्यांना भाग आहे, आणि नंतर ओम्बड्समनकडे (तक्रारींची स्वतंत्र चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जायची वाट मोकळी राहते. १४ दिवसांत काहीच हललं नाही, तर वकिलामार्फत न्यायालयीन पुनर्विलोकनाची (आयसीबीचं वागणं कायदेशीर आहे का, हे कोर्टानं तपासण्याची) पूर्वसूचना पाठवता येते. माझा अनुभव असा की कोर्टाची पायरी चढावी लागतेच असं नाही. अडून बसलेली तारीख बहुतेक वेळा त्या पत्रानंतर सापडते. पण हे सगळ्यात शेवटचं पाऊल, आधी ईमेल.

एक गोष्ट लक्षात ठेवा. परताव्याचा हा हक्क मंजुरी मिळाली तरच. निर्णय नकाराचा आला तर उशिरापोटी काही मिळत नाही. म्हणून परताव्याच्या आशेवर बचत रिकामी होऊ देऊ नका.

त्यासाठी आता जॉइंट खात्याचं बोलू. तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं मला हेच वाटतं. इंग्लंडमध्ये एखाद्याची बचत २३,२५० पौंडांच्या खाली आली की कौन्सिलनं खर्चात वाटा उचलायचा असतो. जॉइंट खातं दोघांचं निम्मं-निम्मं धरतात. आज ६१,००० आहेत, म्हणजे यजमानांचे ३०,५००. तुम्ही फी जॉइंट खात्यातूनच भरत राहिलात तर त्यांचा वाटा २३,२५० वर यायला खातं ४६,५०० वर यावं लागेल, म्हणजे १४,५०० पौंड जातील. त्यातले निम्मे तुमचे. तेच खातं आज दोन भागांत वेगळं केलंत आणि फी फक्त त्यांच्या खात्यातून भरलीत, तर ७,२५० गेले की ते रेषेखाली येतात. ढोबळ हिशेबानं पाच आठवडे, दहा नव्हे. त्यांच्या पेन्शनमुळे दोन्ही आकडे थोडे लांबतील, पण फरक तसाच राहील. यात लपवालपवी काही नाही. निम्मे तुमचेच आहेत, आणि कौन्सिलही तसंच धरते. मालमत्तेसाठीची लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी (त्यांच्या वतीनं व्यवहार करायचा तुमचा अधिकार) रजिस्टर आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे बँकेत अडचण येऊ नये. मात्र त्यांच्या हिश्श्यातून मुलाला किंवा नातवंडांना काही देऊ नका. ते ‘मुद्दाम मालमत्ता कमी केली’ यात धरलं जाऊ शकतं.

बँकेत जाल त्याच दिवशी कौन्सिललाही फोन करा आणि यजमानांचं केअर असेसमेंट व आर्थिक असेसमेंट मागा. पैसे रेषेखाली येईपर्यंत थांबू नका, तिथेही रांग असतेच. फक्त यजमानांच्याच पैशांचा हिशेब होईल. जोडीदाराकडून वसूल करायचा जुना नियम २००९ मध्ये गेला. तुमची पेन्शन, तुमची बचत कुणी विचारली तर शांतपणे नाही म्हणा. यजमानांची कंपनीची पेन्शन असेल आणि त्यातली निम्मी तुम्हाला घर चालवायला मिळत असेल, तर तेवढी कौन्सिल वगळते.

जामीनदारीच्या कागदावर सही करू नका. यजमानांच्या वतीनं करायची असेल तर ‘ॲटर्नी म्हणून, त्यांच्या पैशांतून’ एवढंच लिहून करा. कायद्यानं जी जबाबदारी तुमच्यावर नाही, ती त्या एका सहीनं तुम्ही स्वतःहून ओढवून घ्याल. मॅनेजरबाई कितीही गोड बोलल्या तरी, ‘वकिलांना दाखवते’ म्हणून कागद पर्समध्ये घालून घरी घेऊन या.

मधल्या काळात थोडा आधार आणखी दोन ठिकाणांहून मिळतो. नर्स असलेल्या होमसाठी एनएचएस शुश्रूषेचा ठरावीक वाटा थेट होमला देतं. २०२५-२६ चा दर आठवड्याला २५४.०६ पौंड होता. तो सुरू झालाय का आणि तुमच्या बिलातून वजा होतोय का, हे लेखी विचारा. ‘सीएचसीचा निर्णय आधी’ असं म्हणतील, तर अंतरिम म्हणून सुरू करा असा आग्रह धरा. दुसरं, यजमान स्वतःच्या पैशांवर आहेत तोवर त्यांना अटेंडन्स अलाउन्स (देखभालीची गरज असलेल्या वृद्धांसाठीचा सरकारी भत्ता) मिळू शकतो, २०२५-२६ मध्ये त्याचा वरचा दर आठवड्याला ११०.४० पौंड होता. पुढे मागच्या तारखेपासून सीएचसी मिळालं तर यातलं काही परत द्यावं लागेल, म्हणून ही रक्कम वेगळी ठेवा. आणि आता घरात तुम्ही एकट्याच प्रौढ असाल तर काउन्सिल टॅक्समध्ये २५ टक्के सूट मागा.

त्यांची तब्येत झपाट्यानं ढासळू लागली तर जीपीला (फॅमिली डॉक्टरला) किंवा होमच्या नर्सला ‘फास्ट ट्रॅक’बद्दल, म्हणजे सीएचसीच्या तातडीच्या मार्गाबद्दल, विचारा. त्यात आयसीबीनं सहसा ४८ तासांत व्यवस्था करायची असते. लिहायला जड जातंय, पण निर्णयाआधी काही बरंवाईट झालं तरी मागच्या काळाचा निर्णय आयसीबीला पूर्ण करावाच लागतो. तेव्हा फाईल बंद करू देऊ नका.

नकार आला तर पत्राच्या तारखेपासून सहा महिन्यांत फेरविचार मागायचा. त्यानंतर एनएचएस इंग्लंडकडे स्वतंत्र पुनर्विलोकन असतं. पण मला वाटतं, निकालाचा पाया असेसमेंटच्या दिवशीच पडतो, आणि त्या दिवसाची तयारी तुमच्या हातात आहे.

बारा विभागांत त्यांची गरज मोजतील : श्वास, आहार, त्वचा, हालचाल, आकलन, वर्तन, औषधं वगैरे. सगळा भर होमच्या नोंदींवर असतो. म्हणून गेल्या तीन महिन्यांच्या रोजच्या नोंदी, औषधांचे तक्ते आणि पडल्याच्या नोंदी आधी मागवून वाचा. तुम्ही लिहिलंय की रात्री तीनला ते उठून बसतात, गादीची चादर ओढतात, आणि त्यांना पुन्हा झोपवायला दोन माणसं लागतात. होमच्या वहीत त्या रात्रीपुढे ‘रात्र शांत गेली’ असं लिहिलेलं सापडलं तर मला नवल वाटणार नाही. म्हणून वेगळी वही करा : तारीख, वेळ, काय झालं, किती माणसं लागली, किती वेळ गेला. आणि कुणी म्हणालं की आता चांगली काळजी घेतली जातेय, मग गरज कमी झाली, तर मान्य करू नका. नीट सांभाळलेली गरज ही गरजच असते, असं मार्गदर्शिकाच म्हणते.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला तेच सारखं आठवत राहिलं. यजमान आता इंग्रजी जवळजवळ विसरलेत, फक्त मराठीत बोलतात. त्यामुळे दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. ते ‘नको, नको’ म्हणून हात झटकतात, आणि स्टाफ ‘सहकार्य करत नाहीत’ असं लिहून मोकळा होतो. उलट असेसर म्हणेल, हा फक्त भाषेचा प्रश्न आहे, दुभाषा आणला की सुटेल. संवादाच्या विभागात परक्या भाषेला गुण नसतात. म्हणून दाखवायचं हे की मराठीतसुद्धा त्यांना आपली गरज सांगता येत नाही. दुखतंय कुठे विचारलं तर ‘आई कुठाय’ म्हणतात, तहान लागली तरी पाणी मागत नाहीत, पुढे केलेला पेला ओळखत नाहीत.

व्यावसायिक दुभाषा आजच मागून ठेवा, मुलाला त्या खुर्चीत बसवू नका. आणि त्या दिवशी एक कठीण गोष्ट करा. इतकी वर्षं त्यांचं अर्धं वाक्य तुम्हीच पुरं करत आलात. त्या खोलीत करू नका. असेसरनं विचारलं, दुभाष्यानं मराठीत विचारलं, की ते बोलेपर्यंत थांबा. गप्प राहिले तर राहू द्या. तुमच्याकडे पाहतील, तेव्हा हात धरा. उत्तर देऊ नका.