‘किरकोळ कारणावरून खून’ : कारण किरकोळ कसं?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचकांचा प्रश्न आहे: ‘पेपरात “किरकोळ कारणावरून तरुणाचा खून” असा मथळा नेहमी दिसतो. माणसाचा जीव गेला, तर कारण किरकोळ कसं? आणि “कारणावरून” बरोबर की “कारणामुळे”?’

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे.

‘कारणावरून’ हेच बरोबर. कारण सांगायला मराठीला एक शब्द पुरत नाही. वरून, तून, मुळे, पोटी, पायी अशी सगळी मंडळी आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. भांडण होतं ते नळाच्या पाण्यावरून, शेताच्या बांधावरून, दारात लावलेल्या गाडीवरून. ‘वरून’ नुसतं निमित्त सांगतं. ‘तून’ म्हटलं की आत आधीपासून काहीतरी साठलेलं असतं: वैमनस्यातून, पैशाच्या व्यवहारातून. ‘पोटी’ भावनेला लागतं, म्हणजे मत्सरापोटी, सूडापोटी. महागाईपोटी कुणी म्हणत नाही. ‘पायी’मध्ये बोलणाऱ्याचा ठपका असतो. ‘दारूपायी घर बसलं’ म्हणणारी बाई कारण सांगत नसते, हिशोब मांडत असते. आणि ‘मुळे’ सरळ मुळाशी जातं, निदान तसा दावा करतं.

तेव्हा मथळ्यातलं ‘किरकोळ’ हे विशेषण कारणाला लागलेलं दिसलं तरी ते निमित्ताचं आहे. ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ म्हणतो तेव्हा कावळा किरकोळच असतो. फांदी आधीच किडलेली होती का, हे मथळा सांगत नाही. ‘वरून’ वापरून त्यानं तसं वचनही दिलेलं नाही. वाचकांची खरी तक्रार आहे ती ‘कारण’ या शब्दाबद्दल, आणि ती रास्त आहे.

गंमत म्हणजे ही वर्गवारी बातमीदारांपुरती नाही. मार्व्हिन वुल्फगँग या अमेरिकी अभ्यासकानं फिलाडेल्फिया शहरातल्या 1948 ते 1952 या काळातल्या 588 खुनांच्या पोलीस फायली चाळल्या आणि 1958 साली निष्कर्ष छापले. त्याच्या तक्त्यात सगळ्यात मोठा रकाना होता तो किरकोळ बाचाबाचीचा, म्हणजे शिवी, टोमणा, धक्का लागणं. एक तृतीयांशाहून जास्त खून त्या एकाच रकान्यात बसले. आपल्याकडच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे 2022 चे आकडे बघा. देशभरात खुनाचे 28,522 गुन्हे नोंदले गेले. त्यांतले 9,962 वादातून, 3,761 वैयक्तिक वैमनस्यातून आणि लाभासाठी फक्त 1,884. सिनेमातला खून पैशासाठी असतो, तक्त्यातला त्याहून कितीतरी जास्त वेळा तोंडातोंडीतून.

मग या तोंडातोंडीत घडतं काय? डेव्हिड लकनबिल या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1977 साली कॅलिफोर्नियातल्या एका जिल्ह्यातल्या खुनाच्या सत्तर घटना घेतल्या आणि कोण आधी काय बोललं, त्यावर दुसऱ्यानं काय केलं, अशा एकेक पायरीनं उलगडल्या. त्याला दिसलं ते थोडक्यात असं. एकजण काही बोलतो किंवा करतो. दुसरा तो अपमान समजतो. आता माघार घेतली तर तोंड दाखवायला जागा नाही, असं दोघांनाही वाटतं. भोवतीचे लोक नुसते बघे नसतात, कुणी चढवतं, कुणी गप्प राहून वाट मोकळी करून देतं.

हे आपल्या भाषेत आणायला फार कष्ट नकोत. पानपट्टीसमोर दोन गाड्या एकमेकींना घासतात. ‘काय बघतोस रं?’ ‘का, बघायचं न्हाई व्हय?’ इथवर दोघंही घरी जाऊ शकतात. मग मागं बसलेला मित्र बोलतो, ‘भावा, तुला बोलून गेला की त्यो!’ माझ्या मते त्या मित्राचं वाक्य सगळ्यात महाग. त्यानंतर भांडण गाडीवरून उरत नाही, वटीवरून, म्हणजे दराऱ्यावरून होतं. ‘गल्लीत वट हाय’ या वाक्यातली ही वट शब्दकोशात शोधत बसण्यापेक्षा कुठल्याही पेठेतल्या कट्ट्यावर विचारा. खुन्नस हा तिचाच सख्खा भाऊ: नुसत्या नजरेनं दिली जाते आणि वर्षभर राखली जाते. पेपर त्यालाच ‘पूर्ववैमनस्य’ म्हणतो. हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. लोक ‘डूख धरला होता’ म्हणतात आणि ते जास्त नेमकं आहे.

वट काही ठिकाणीच इतकी जिवावरची का होते, याचं एक उत्तर पुन्हा फिलाडेल्फियातूनच आलं. एलायजा अँडरसन या समाजशास्त्रज्ञानं तिथल्या गरीब वस्त्यांत वर्षानुवर्षं वावरून 1999 मध्ये मांडलं, की जिथं धड काम मिळत नाही आणि पोलीस-कोर्ट आपल्यासाठी धावून येईल असा भरवसा नाही, तिथं दरारा हीच माणसाची पुंजी होते. ती एकदा गेली की उद्या कुणीही येऊन टपली मारून जाणार. तेव्हा ‘काय बघतोस’ किरकोळ आहे ते तुम्हाआम्हाला, ज्यांच्याकडे पगार आणि ओळखीचा वकील आहे.

आता ‘मुळे’. ‘बेकारीमुळे गुन्हे वाढतात’ हे वाक्य चर्चेला घेता येतं. ‘बेकारीमुळे त्यानं खून केला’ हे मात्र जपून, कारण त्याच गल्लीतली बाकीची बेकार पोरं रोज संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाऊन घरी जातात. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या अभ्यासकांनी शिकागोतल्या बालगुन्हेगारांचे पत्ते नकाशावर मांडले. 1900 ते 1933 या काळात त्याच मोहल्ल्यांत आधी जर्मन आणि आयरिश होते, मग इटालियन आणि पोलिश आले. माणसं बदलली, पण जास्त गुन्ह्यांचे मोहल्ले बहुतेक तेच राहिले. म्हणजे दोष रक्ताचा नव्हता. गरिबी, सतत बदलणारे भाडेकरू आणि एकमेकांना न ओळखणारे शेजारी या गोष्टी जागेला चिकटलेल्या होत्या. असं ‘मुळे’ वस्तीबद्दल सिद्ध होतं, एकट्या माणसाबद्दल नाही. वस्तीचा आकडा तिथल्या प्रत्येकाच्या माथी मारू नये, हे विल्यम रॉबिन्सन या अभ्यासकानं 1950 साली गणितानं दाखवलं होतं.

चुकीच्या ‘मुळे’ची किंमत या भागानंही पाहिली आहे. 1871 च्या ब्रिटिश कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मामुळे गुन्हेगार ठरवल्या आणि पुढं मुंबई इलाख्यातही तो लागू झाला. अंगावर गुन्हा नसतानाही पोलिसांकडे हजेरी द्यायची. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 साली महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना कामाला लावलं. शिकागोचे नकाशे यायला तेव्हा अवकाश होता. देशात तो कायदा रद्द व्हायला 1952 उजाडलं.

जाता जाता आणखी एक रूप: ‘हातून’. आरोपी सहसा ‘मी मारलं’ म्हणत नाही, ‘माझ्या हातून झालं’ म्हणतो. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड माट्झा या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1957 साली गुन्हा करणाऱ्यांच्या सबबींचे पाच प्रकार सांगितले, त्यांत पहिला जबाबदारी नाकारण्याचा. मराठीत त्यासाठी वेगळी सबब लागत नाही, व्याकरणच ते काम करतं. म्हणून तुरुंगात मुलाखती घेणाऱ्या अभ्यासकानं उत्तराइतकंच क्रियापदाकडेही कान द्यावा.

बातमी लिहिणाऱ्यांना सुचवायचं झालं तर ‘किरकोळ कारणावरून’ सोडा आणि झालं ते लिहा: ‘गाडी घासल्यावरून’, ‘स्टेटस ठेवल्यावरून’. बातमीतलं कारण बहुतेक वेळा फिर्यादीतून उचललेलं असतं, तेव्हा ‘असे फिर्यादीत म्हटले आहे’ हे शेपूट कापू नका. मथळ्यात जागाच नसेल तर ‘वादातून’ एवढं पुरे.