गुरुवारची गोधडी आणि मैत्रिणीची ऑर्डर

पत्र

ताई, मी अमळनेरची, वय ५३. आम्ही पाच जणी दर गुरुवारी दुपारी एकीच्या घरी गोधड्या शिवायला बसतो. जुन्या सुती साड्या, उरलेले ब्लाउजपीस, ज्याच्याकडे जे असेल ते. चहा होतो, सुखदुःखाचं बोलणं होतं, बरं वाटतं. आता आमच्यातल्या एकीच्या मिस्टरांचं दुकान बंद पडलंय आणि तिला पुण्याच्या एका दुकानाची १२ बाळगोधड्यांची ऑर्डर मिळाली. पहिल्या दिवशी आम्हीच म्हणालो, आण, सगळ्या मिळून करू. तेव्हापासून दर गुरुवारी तिचाच गठ्ठा सुटतो. पैशाचा विषय ती काढत नाही, आम्हीही नाही. मागच्या खेपेला सगळ्यांसमोर म्हणाली, तुझे टाके मोठे पडलेत, उसवून परत घाल. मला रडूच आलं. या गुरुवारी डोकं दुखतंय सांगून गेलेच नाही. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला येतेय, कार्तिकातली तारीख आहे, तिच्या बाळाची गोधडी नुसती कापून पडलीय. मैत्रीण अडचणीत असताना मी हे बोलले तर स्वार्थी ठरेन का?

उत्तर

नाही गं माय, स्वार्थी नाही. पण डोकेदुखीचं कारण परत सांगू नको, कारण दोनदा सांगितलं की तिसऱ्यांदा जायलाच नको वाटतं, आणि गुरुवार तुझ्या हातून सुटला तर तुला फार जड जाईल हे पत्रातच दिसतंय.

तुझ्या मैत्रिणीचं मन वाईट आहे असं मला अजिबात वाटत नाही. झालंय काय, की तुम्ही पहिल्या दिवशी प्रेमाने हो म्हणालात आणि ते हो किती दिवसांचं, किती कामाचं हे कोणीच ठरवलं नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडया करायला बायका जमतात तेव्हा आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे अशी पाळी असते, तिथे कोणी पैसे मागत नाही आणि मागूही नये. पण कापूस वेचायला गेलं तर किलोमागे मजुरी आधी ठरते, मग शेत सख्ख्या भावकीचं का असेना. तुमचा गुरुवार होता पाळीचा. त्यात ऑर्डर आली आणि काम मजुरीचं झालं, फक्त मजुरी तेवढी ठरायची राहिली.

आता जरा हिशोब करू, कारण बसल्या बसल्या टाके घालताना आपण किती काम केलं ते आपल्यालाच कळत नाही. बाळगोधडी ३ फूट बाय ३ फूट धर, धावदोऱ्याच्या ओळी अर्ध्या अर्ध्या इंचावर. म्हणजे ३६ इंचात ७२ ओळी, एकेक ओळ ३ फुटांची, झाले २१६ फूट. हा नुसता धावदोरा हं, कापणं, जोडणं, कच्चे टाके घालणं, कडा दुमडून शिवणं हे सगळं वेगळंच. १२ गोधड्यांचे होतात २५९२ फूट, म्हणजे पाऊण किलोमीटरच्या वर शिवण, सगळी हाताने. ती पाच जणींनी मिळून घातली आणि त्यातल्या चौघींनी फुकट, तर दुकानाला दिलेला भाव खोटाच की! आणि यात सगळ्यात मोठं नुकसान तुझं नाही, तिचं आहे. दुकानवाला त्याच भावात पुढची ऑर्डर देईल, ती हो म्हणेल, आणि तोवर तुमच्यातली एकेक जण काही ना काही कारणाने गळालेली असेल. मग एकटीने एवढं काम त्या पैशात कसं करणार ती? घर चालवायला म्हणून हे काम धरलंय तिने, तर त्याचा खरा खर्च तिला आत्ताच कळायला हवा, नंतर कळून उपयोग नाही. म्हणून तू बोलणं हे तिच्या भल्याचंच आहे, हे मनात पक्कं धर आणि मग बोल.

टाक्यांचं सांगते. तुझा हात वाईट नाही, काळजी करू नको. एका गोधडीवर पाच हात फिरले की असं होणारच. एकीचा दोरा ताणून, दुसरीचा सैल, तिसरीचा टाका तांदळाएवढा तर चौथीचा गव्हाएवढा, मग चुण्या पडतात आणि गोधडी एका बाजूला ओढली जाते. घरच्या गोधडीत हे खपतं, उलट कोणत्या ओळी कोणाच्या हे ओळखता येतं म्हणून ती जास्त आवडते. दुकानात मात्र गिऱ्हाईक फिनिशिंग बघतं, त्यामुळे तिला काळजी वाटली यात चूक नाही. चूक इतकीच की फुकट काम करणाऱ्या बाईला चारचौघीत उसवायला सांगितलं. ते तुला लागलं, लागणारच.

मला वाटतं याच्यातूनच रस्ता निघतो. ऑर्डरची एक गोधडी एकाच हाताची असं ठरवा. जिला करायचीय तिने घरी न्यावी, तिच्या वेळात करावी. कापड-दोऱ्याचा खर्च काढून उरलेल्या पैशातला एका गोधडीमागे तिचा वाटा किती ते आधी बोलून घ्यावं, आणि ऑर्डर आणणं, कापणं, दुकानाशी बोलणं, पार्सल पाठवणं हे सगळं मैत्रीण करते तर तिचा वाटा मोठा असावाच. टाके कसे हवेत ते तिने एका नमुन्यावर दाखवून द्यावं, मग उसवायची वेळच येणार नाही. आणि तुला पैसे नकोच असतील, मदतच करायची असेल, तर अवश्य कर, पण मोजून कर. "यातल्या दोन गोधड्या माझ्याकडून, त्याचे पैसे घेणार नाही" असं स्पष्ट म्हण. दोन म्हणजे दोन. गुरुवारी मात्र ज्याची त्याची घरची गोधडी.

हे व्हॉट्सअॅपवर लिहू नको, आणि आधी बाकीच्या तिघींशी चर्चा तर मुळीच करू नको. चौघी ठरवून आल्या असं तिला वाटलं तर आधीच दुकान गेलेलं, त्यात मैत्रिणीही गेल्या असं होईल तिचं. एकटी जा तिच्या घरी, संध्याकाळी, निवांत. म्हण, "तुझं काम चांगलं चालावं असं मला मनापासून वाटतं. पण गुरुवारी मला माझ्या नातवंडाची गोधडी करायचीय, आणि तुझ्या गोधड्यांचा हिशोब आपण नीट लावू. आणि हो, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललीस ते मला लागलं." शेवटचं वाक्य गिळू नको. नाही बोललीस तर पुढे दुसऱ्याच कशावरून तरी ते बाहेर पडेल. ती रागावून म्हणाली की राहू दे, माझं मी बघते, तर तिथे वाद घालत बसू नको. पुढच्या गुरुवारी स्वतःची गोधडी घेऊन नेहमीच्या वेळेला जा आणि नेहमीच्या जागेवर बस. बहुतेक एकदोन गुरुवारात ती नमुना घेऊन तुझ्याकडेच येईल. नाहीच आली तरी तू तिला सोडलं नाहीस हे तिला दिसेल.

आता बाळाची गोधडी, मला तर तिचीच जास्त घाई झालीय. कार्तिकात बाळ येणार म्हणजे मार्गशीर्ष-पौषाची थंडी त्याला अगदी कोवळ्या वयात लागणार, आणि आपल्या जळगाव-धुळ्याकडे त्या दिवसांत पारा कधीकधी ६-७ अंशांपर्यंत उतरतो. तुझी स्वतःची वापरून मऊ झालेली सुती साडी घे, तीन थर पुरेत. नवं कापड मध्ये घालणार असशील तर आधी धुऊन घे, नाहीतर पहिल्या धुण्यात नवं आटतं आणि जुनं तसंच राहून चुण्या पडतात, त्यात लाल किंवा गडद निळं असेल तर रंगही जातो. दोरा सुतीच वापर, पॉलिस्टरचा मजबूत दोरा जुन्या विरलेल्या कापडाला चिरतो. जरीचा काठ, टिकल्या, बटणं काही नको आणि दोऱ्याची गाठ थरांच्या आत लपव, बाळाच्या अंगाला टोचायला नको. मुलीला एवढं मात्र सांग की झोपलेल्या तान्ह्याच्या अंगावर गोधडी सैल टाकायची नाही, तोंडावर येऊ शकते. मांडीवर घेताना गुंडाळायला आहेच ती, आणि बाळ जागं असताना खाली अंथरायला.

पत्रावरून गोधडी कापून तयार दिसतेय, म्हणजे निम्मं काम झालंच. आता भाद्रपद चाललाय, रोज पाच ओळी घातल्या तरी पंधरा दिवसांत ७२ ओळी होतील, मग कडा दुमडायला आणि एकदा धुवून उन्हात वाळवायला भरपूर दिवस उरतात. मुलगी आली की मला कळव, आणि मैत्रिणीशी काय बोलणं झालं तेही लिही.